पंपाचा खिसा

ता. ९, रविवार

प्रिय मास्तर,

आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? आमच्या नळाचे पाणी परत बारीक झाले आहे.

तुमच्या ताईचा दमा बरा आहे. जरा जास्तच बरा आहे. दवाखान्यातल्या दमेकऱ्यांच्या व्यायामवर्गाचे खूळ तुम्हीच तिच्या डोक्यात भरवलेत. मी चौथी शिकलेला शिंपी, तरी डॉक्टरीणबाईंना विचारले, पाय सुजला तर आपण तो हलवत नाही, मग श्वासनळी सुजलेल्या माणसाला पळवता कशाला? त्या म्हणाल्या, रोजचे औषध न सोडता हळूहळू व्यायाम वाढवला तर काहींची आतली सूजही उतरते. मग ताईला यंत्रात फुंकायला लावले. तिची उतरली आहे म्हणे.

परवा ती जिना न थांबता चढली आणि वर येऊन गुणगुणत होती. इतकी वर्षे तिची पिशवी धरून मी मागून चढायचो. आता पिशवी तीच धरते.

गुणगुणते ती गाणी तिच्या वर्गातल्या एका क्लॅरिनेटवाल्याची. तोही दमेकरी, बायको वारलेली. त्याचे बँडात वाजवणे सुटले होते, आता परत फुंकायला लागला आहे. दोघे मैदानाला फेऱ्या मारतात. चालताना बोलता आले पाहिजे, एवढाच वेग ठेवायचा, असा तिथला नियम. घरात बसून माझ्याशी बोलत नाही तेवढे ती तिकडे चालताना बोलते. या वयात हे शोभत नाही, असे तुम्ही तिला लिहा. माझे नाव घालू नका.

तिच्या प्रत्येक पोलक्याला मी आतून खिसा शिवतो, धाप लागली की ओढायच्या पंपासाठी. अंधारातही हात सरळ जावा असा. ते तिने त्याला सांगितले आणि त्याचा कोट घेऊन आली. यालाही तसाच शिवा म्हणाली.

शिवला. जरा अरुंद झाला. टीप सरकली असेल.

आज सकाळी तिने स्वतःचा पंप त्यात टाकून पाहिला. आत गेला, बाहेर निघेना. मी सुईत दोरा ओवत बसलो. शेवटी कोट उलटा झटकून तिने तो काढला. मग कोट माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तुमचे माप कधी चुकत नाही हो."

एवढे बोलून आत गेली.

मास्तर, धाप लागलेल्या माणसाची बोटे कशी थरथरतात, ते माझ्याइतके कुणी पाहिले आहे? आणि टीप काही सरकली नव्हती.

खिसा उसवून पुन्हा ऐसपैस शिवला. डोळे मिटून, डाव्या हाताने पंप काढून पाहिला. आता ती म्हणते, कोट उद्या मैदानावर तुम्हीच नेऊन द्या, आणि आलाच आहात तर एक फेरी मारा. तिच्या बरोबरीने चालताना मला बोलता येईल का, याची धास्ती वाटते.

तिला काही लिहू नका.

मागून चढायची सवय झालेला,
तुमचा भावोजी