चोरलेला दम

९ जानेवारी १९५७
आज परत जिंकलो! एका चढाईत तीन गडी मारले. लोकांनी खांद्यावर घेऊन पार चाळीच्या जिन्यापर्यंत आणलं. पेपरचा बातमीदार विचारत होता, "कोंडीराम, एवढा दम येतो कुठून?" मी नुसता हसलो. काय सांगू, चोरून येतो?

लिहिलं एकदाचं!

११ जानेवारी
दोन वर्षांपूर्वी माझा दम खरा होता. शप्पथ. मग सूत कातायच्या रिंगखात्यातली कापसाची धूळ छातीत बसली. आमच्या मिलच्या कबड्डी संघाला शिकवणाऱ्या रघुवीर मास्तरांनी ते सरावातच ओळखलं. कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "वाकलास की मान खाली घाल, नाकानं ओढून घे. ओठ हलते ठेव. पंच पाय बघतो, नाक नाही."

शिवाय हल्ली प्रेक्षकांतून सारखं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' त्या आरोळीत माझी कबड्डी कुठे तुटली, कुणाला कळतंय! मीही ओरडतो मोर्च्यात. पण मैदानावर ती आरोळी आली की मला लाज वाटते.

१३ जानेवारी, रविवार
चाळीत बुद्धवंदना झाली. गेल्या महिन्यात दादर चौपाटीवर दीक्षा घेतली तेव्हापासून दर रविवारी असते. 'न दिलेलं घेणार नाही' इथे माझी जीभ अडकली. एका चढाईला एकच श्वास, तेवढाच आपला. दुसरा घेतला की चोरीच ना ती?

नलूनं मान वळवून बघितलं. "घसा बसला का हो?" हो म्हणालो. बायकोशीही खोटं! पाचातली दोन शीलं एका बैठकीत गेली.

१७ जानेवारी
मास्तरांना सांगून टाकलं — यापुढे चोरणार नाही, मला संघातून काढा.

भडकलेच! "डोकं फिरलं काय रे? मिलनं नोकरी, खोली दिली ती खेळाडूला. खेळ बंद तर खोली खाली. नलूला घेऊन कुठं जाणार?" मग आवाज उतरवून, "तुमच्या वस्तीतला या संघातला पहिला गडी तू. हे फुटलं तर तुमच्यातल्या दुसऱ्याला कोण उभं करील?"

इतका राग आला! पण खोटं काय बोलले? खेळलो तर चोर, सोडलं तर बेघर, बोललो तर सगळ्या वस्तीच्या तोंडाला काळं. जाऊ तरी कुठे?

२१ जानेवारी
सराव. खोकला. "वा कोंडीराम, काय दम!"

२७ जानेवारी, रविवार
अंतिम सामना. बरोबरी, शेवटची चढाई माझी. दोघांना शिवलो, त्यांनी पाय धरला, छाती फुटायला आली — आणि घेतला. चोरून. रेषेला हात लावला. मैदान नुसतं वेडं झालं.

आणि मी हात वर केला! कसा केला देव जाणे — चुकलो, देव नाही आता, सवय जात नाही. पंचांना म्हणालो, "माझा दम तुटला. मी बाद."

पंच लालबुंद. "मी ऐकला नाही तुटलेला. मला शिकवतोस? गुण दिले!"

तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर समोरच्या कप्तानानंच मला मिठी मारली. "असा सच्चा गडी बघितला नाही!" टाळ्याच टाळ्या. मला रडू आलं, तर लोकांना वाटलं आनंदाचं.

२८ जानेवारी
पेपरात फोटो. 'प्रामाणिकपणाचा आदर्श.' नलूनं कापून भिंतीला लावला. आता तिला कोणत्या तोंडानं सांगू! मास्तर आज सरावाला आलेच नाहीत.

३१ जानेवारी
मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. मास्तर काल स्वतः जाऊन सगळं सांगून आले होते — "चोरदम मी शिकवला, कोंडीरामचा दोष नाही, त्याची खोली काढू नका." बोलल्याबद्दल साहेबांनी मास्तरांनाच घरी बसवलं. त्यांची जागा मला. "उद्यापासून तो दम साऱ्या संघाला शिकवायचा. जमेल?"

मी हो म्हणालो.