तळ्यात पडलेले बिंदू

४ सप्टेंबर

दादाचं काम छत्रीला दिलं. मला नाही, तिला!

सरांनी विभागात सगळ्यांसमोर सांगितलं — दादाचा अर्धा राहिलेला नकाशा आता ती पुरा करील. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, तुझं पहिलंच वर्ष आहे, त्यात घरी हे असं झालेलं. हे असं! दादा तापानं गेला, एवढं सरळ कुणी म्हणत नाही. मी मान हलवली. मला तेवढंच जमतं.

५ सप्टेंबर

छत्री दादाच्या वर्गातली. ऊन असो नसो, हातात काळी छत्री. अख्खा विभाग तिला त्याच नावानं हाक मारतो आणि तीही ओ देते. उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसतं ते शेत की नुसतं गवत, हे जागेवर जाऊन बघायचं, यंत्रावर त्या ठिकाणाचे आकडे टिपायचे — असे शेकडो बिंदू दादानं गोळा केले. दोन वर्षं ती त्याच्याबरोबर माळ तुडवत होती. घरी येईपर्यंत त्याचं बोलणं संपलेलं असायचं. तिच्या वाट्याला दादा, माझ्या वाट्याला त्याचे मातीनं भरलेले मोजे.

९ सप्टेंबर

छत्री दादाच्याच खुर्चीत बसते. खुर्ची उंचसुद्धा करून घेतली आहे.

१२ सप्टेंबर

आज गंमत झाली. छत्रीनं दादाचे बिंदू नव्या चित्रावर टाकले. दुसऱ्या वर्षीचे बरोबर बसले. पहिल्या वर्षीचे सगळे भलतीकडे — शेतं तळ्यात, घरं तळ्यात, रस्ता एका गोदामाच्या छपरावर! यंत्रं सांभाळणारे काका म्हणाले, "काय गं, तळ्यात की मळ्यात?" सगळे हसले. छत्री नाही हसली. मीही नाही, पण मला आतून उकळ्या फुटत होत्या.

१३ सप्टेंबर

मला कळलं!

दादाच्या खोलीतल्या भिंतीवर जुना कागदी नकाशा आहे. पहिल्या वर्षी तो त्यावर टाचण्या टोचायचा. तो नकाशा पृथ्वीच्या जुन्या मापावर काढलेला, म्हणून दादानं यंत्रही जुन्या मापावर लावलं होतं. दुसऱ्या वर्षी यंत्र नव्या मापावर आणलं, उपग्रहाची चित्रंही त्याच मापावर. आकडे तेच, जागा मात्र सरकते. एकदा टाचण्यांची डबी माझ्या हातात देऊन त्यानं हे समजावलं होतं. म्हणाला होता, "पुढे आकडे बदलून घ्यायचेत. विसरलो तर आठवण कर गं, ठमे."

ते राहूनच गेलं.

चुटकीसरशी होणारं काम आहे. पण सांगणार नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला निघाली होती ना? ओढू दे.

१९ सप्टेंबर

छत्री मला चहाला घेऊन गेली. इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलंच — दादा घरी कधी त्या यंत्राबद्दल काही बोलला होता का, नीट आठवून बघ. म्हणजे माझ्याकडून काढून घ्यायचं आणि स्वतःच्या नावावर खपवायचं! मी म्हटलं, घरी तो फारसा बोलायचा नाही. खोटं नव्हतं ते.

"तुझ्याबद्दल मात्र सारखा बोलायचा," ती म्हणाली.

चहा तसाच ठेवला. माझ्याबद्दलचं त्याचं बोलणंसुद्धा तिच्याचकडे!

२० सप्टेंबर

आज पुन्हा विचारलं. ताकास तूर लागू दिली नाही.

२८ सप्टेंबर

आई भिंतीवरचा नकाशा पुसत होती. एकाही टाचणीला धक्का न लावता, कडेकडेनं. दादाचं काम कुठवर आलं, विचारत होती. चाललंय म्हटलं.

३ ऑक्टोबर

शुक्रवारी आढावा आहे. तोवर चूक सापडली नाही, तर पहिल्या वर्षीचे सगळे बिंदू काढून टाकणार. नोंदी निष्काळजीपणानं घेतल्या होत्या, असं लिहावं लागेल म्हणाले सर. बोलताना माझ्याकडे का बघत होते, देव जाणे.

छत्री म्हणाली, "काढू नका सर. प्रत्येक ठिकाणी मी त्याच्या शेजारी उभी होते."

होतीस, माहीत आहे. किती वेळा सांगशील!

पण निष्काळजी? दादा? धुतलेले मोजे जोडी लावल्याशिवाय कपाटात न ठेवणारा माणूस?

४ ऑक्टोबर

सांगितलं.

सकाळी जाऊन तिच्यामागे उभी राहिले आणि म्हटलं, यंत्र जुन्या मापावर होतं. ती काही न विचारता खुर्चीतून उठली. "तू बस." मी आकडे बदलले. एकेक बिंदू तळ्यातून उठून काठावर आला, आपापल्या बांधाशी जाऊन बसला. छत्रीनं छत्री छातीशी धरली होती. सरांनी तिथल्या तिथे सांगितलं — काम आता तुझं, नकाशावर दादाचं नाव आणि खाली तुझं.

तिनं कितीही माळ तुडवले असतील. दादाचं मला माहीत होतं, तिला नव्हतं! घरी येऊन आईलाही तसंच सांगितलं.

७ ऑक्टोबर

सरांकडे सही घ्यायला गेले होते. जाता जाता म्हटलं, छत्रीची मदत आता लागणार नाही. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जुन्या मापाचं तिला चूक दिसली त्याच आठवड्यात कळलं होतं. मला म्हणाली, सर, थांबू या. त्याच्या बहिणीला सापडू दे."

इतके दिवस आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो.