बेटेगावला नेलेलं पाणी

माहीम (पालघर),
कार्तिक शुद्ध दशमी

प्रिय शैलेश यास,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींची साखर ताब्यात आहे ना? माझी प्रकृती उत्तम आहे (वजन तीन किलो उतरलंय, कारण पुढे येईल). फोन केला असता, पण फोनवर तू ‘हां, बोल’ म्हणतोस आणि मागून क्रिकेटचा आवाज येतो. पत्र वाचताना माणूस निदान एका जागी बसतो.

झालं असं, की बागेतल्या विहिरीचं पाणी गेल्या वर्षी खारं झालं. पानवेलींनी माना टाकल्या, म्हणून खोल बोअर मारली. पाणी लागलं तेही कसं, काचेसारखं! पण बादलीत दोन दिवस राहिलं की तपकिरी व्हायचं, आणि टाकीच्या तळाशी काजळीसारखा थर साचायचा. मी ताबडतोब ग्रामसभेत उठून सगळ्या कारखान्यांच्या नावाने पंचवीस मिनिटं भाषण ठोकलं (टाळ्या पडल्या, पण मी खाली बसल्यावर). तेवढ्यात भाचा भावेशचं लग्न आलं. पांढऱ्या झब्ब्यावर पिवळट डाग दिसले, म्हणून मी तो बोअरच्याच पाण्यात बुडवून वर बाटलीभर ब्लीच ओतलं. झब्बा गडद चहाच्या रंगाचा झाला. दुसरा नव्हता, तोच घालून गेलो. मुलीकडच्या एका आजींनी मला आचारी समजून जिलबी कधी वाढणार ते विचारलं.

तेव्हा मला भाविकाची आठवण झाली. (तुझ्या बहिणीची ओळख तुलाच काय करून देऊ! पण निवृत्त झाल्यापासून ती बेटेगावच्या घरी पडवीत परीक्षानळ्या मांडून लोकांचं पाणी फुकट तपासते, हे तू कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाहीस.) एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात झब्बा, असा मी दारात उभा राहिलो. लहानपणी ती मला एकनाथदादा म्हणायची. त्यातला ‘दादा’ कधी गळून पडला कोण जाणे. मीही कधी विचारलं नाही.

तिने झब्बा पाहिला, हसली नाही (खूप प्रयत्नाने), आणि सर्दीवर चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या दोन गोळ्या पाण्यात विरघळवून त्यावर चोळल्या. शैलेश, माझ्या डोळ्यांदेखत डाग विरत गेला. तिने झब्बा पिळून झटकला, त्याचे चार थेंब माझ्या चष्म्यावर उडाले. ते मी बोईसर येईपर्यंत पुसले नाहीत.

“मँगनीज आहे तुझ्या पाण्यात,” ती म्हणाली. “कारखान्यांना आणखी कशाकशासाठी बोलायचं ते बोल, पण हे खडकातलं आहे. खाली हवा नाही, म्हणून ते विरघळून बसतं, दिसत नाही. वर आलं, हवा लागली, की काळं होऊन बाहेर पडतं. नुसत्या हवेने फार वेळ लागतो. पाण्यातले जिवाणू तेच काम भराभर करतात.”

“मग औषध टाकून मारू त्यांना?”

“मारतोस कशाला? कामाला लाव.”

तिने कागदावर चित्र काढून दिलं. वर भोकं पाडलेला पाइप, त्यातून पाणी पावसासारखं पडायचं म्हणजे त्याला हवा मिळते, आणि खाली रेतीने भरलेलं पिंप. जिवाणू रेतीवर वस्ती करतात, मँगनीज तिथेच धरून ठेवतात, रेती काळी पडते आणि खालच्या तोटीतून स्वच्छ पाणी येतं. “रेती काळी झाली की घासू नकोस. धीर धर,” असं तिने दोनदा बजावलं. (धीर म्हणे! आणि मला!) दर आठवड्याला बाटली घेऊन यायचं ठरलं. एस.टी.तून उतरून तिच्या घरापर्यंतची चाल हेच त्या तीन किलोंचं कारण.

सहाव्या आठवड्याला रेती शाईसारखी काळी झाली आणि पाणी असं आलं, की पेल्यात आहे की नाही तेच कळेना. मी आनंदात बाजारात गेलो. परत येतो तर बागेत कामाला येणारी जिवली पिंपाजवळ कमरेवर हात ठेवून उभी.

“बाबा, तुमची रेती लय घान झालती. समदी घासून धुतली. आता बघा कशी हाय!”

“अगं जिवली, त्यात जीव होते!”

“मना तर एक पन नाय दिसला,” ती म्हणाली.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सहा आठवडे बेटेगाव. भाविकाने पोहे केले, मला दोनदा वाढले. पाणी पुन्हा निवळलं आणि काय सांगू, रेती पुन्हा धुतली गेली. तिसऱ्या फेरीचं शेवटचं पाणी घेऊन परवा गेलो, तर पडवीत परीक्षानळ्या नव्हत्या, दोरीने बांधलेली खोकी होती.

“दादाने वडोदऱ्याला बोलावलंय,” ती म्हणाली (दादा म्हणजे तू). “मार्गशीर्षात जाईन. इथे एकटीने काय करायचं?”

ह्यावर माणसाने काय म्हणावं? मी म्हणालो, “मग माझं पाणी कोण तपासणार?”

मग तिने एक खोकं सोडलं, औषधाचे थेंब किती घालायचे आणि रंग कसा वाचायचा ते मला शिकवलं, आणि त्यातली तपासणीची पेटीच मला देऊन टाकली. आता मी स्वतः पाणी तपासू शकतो. इतकं वाईट मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

असो. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
एकनाथ

ता. क. : दुसऱ्यांदा रेती जिवलीने धुतली नव्हती, मी धुतली होती. चौतीस वर्षांपूर्वी तुझ्या आईने मला भाविकाबद्दल विचारलं होतं, हे तुला ठाऊक नसेल. मी म्हणालो, बाग जरा सावरू दे. बाग सावरली तोवर तुझ्याकडून तिच्या लग्नाची पत्रिका आली. तुझ्या मेहुण्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. शैलेश, तिला नेऊ नकोस. तिला काय हवंय ते एकदा विचार. मला ते जमत नाही.

ता. क. २ : तुझ्या नव्या फ्लॅटचा पत्ता माझ्याकडे नाही. उद्या भाविकाकडून घेतो. पाकीट बंद करूनच नेणार आहे, काळजी नसावी.

दादा, ह्यांनी पाकिटाला डिंकच लावला नव्हता, म्हणून वाचलं. माझ्यासाठी रंगवलेली खोली भाड्याने दे. मार्गशीर्षात तू आणि वहिनी नक्की या, पण मला न्यायला नको.
भाविका