देवीची माळ डायरेक्ट

१४ जुलै, सोमवार. सकाळ.
बुलेटची बॅटरी पुन्हा उतरली. आजपासून लिहून ठेवणार, पुरावा म्हणून. संशयित एकच: धाकटा भाऊ भूपेंद्र, शेजारच्या दारात राहतो. आमच्या वडिलांनी, बापूंनी, जाताना गाडी मला दिली आणि दुसरी चावी त्याला. रात्री गाडी नेत असणार, नाहीतर हेडलाइट लावून गोठ्यात बसत असणार. गाडीत काडीचा दोष नाही. हँडलवर आमच्या कुलदेवीचा, कानबाईचा फोटो, त्याभोवती दिव्यांची माळ अखंड चालू. देवी जागी असताना बॅटरी आपोआप उतरत नाही.

२० जुलै, रविवार.
नंदुरबारहून कटऑफ स्विच आणला. व्हिडिओ पाहून स्वतः बसवला. लाल चावी फिरवली की बॅटरीचं अर्थिंग तुटतं, सगळी गाडी मेलेली. आता ये म्हणावं. एकच अडचण: देवीची माळही विझली. बायको, सिंधू, विझलेल्या माळेकडे बघत राहिली. देवीला कटऑफ लावायचा नसतो हे मलाही कळतं. म्हणून माळेच्या वायरी डायरेक्ट बॅटरीला जोडल्या. इतका विचार इंजिनिअरही करत नाही. लाल चावी करगोट्याला बांधली.

२१ जुलै.
उतरली. चावी करगोट्यालाच. म्हणजे भूपेंद्रने याचीही डुप्लिकेट केली. सख्खा भाऊ. लहानपणी ह्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली. सिंधूला विचारलं, रात्री कोणी आलं होतं का. म्हणाली, तुम्ही घोरी ऱ्हायंतात, कोण येई?

२५ जुलै, शुक्रवार.
गल्लीत चारचौघांत विचारलं त्याला. विचारलं म्हणजे जरा मोठ्याने. म्हणाला, "मी गाडीले हात भी लावेल नही, भाऊ." बापूंची चावी माझ्या पायाशी टाकली. यंदा कानबाईच्या रोटाला येणार नाही, असंही म्हणाला. रोट म्हणजे देवीच्या नावाच्या गव्हाच्या पोळ्या, त्या जेवणाला भाऊबंद लागतातच, हे माहीत असून म्हणाला. ज्याच्या मनात पाप असतं तोच ताटावरून उठतो. गुन्हा कबूल समजावा.

२९ जुलै, नागपंचमी.
बॅटरी चार्ज करून आणली होती. उतरली. सगळ्या चाव्या माझ्याकडे. म्हणजे आणखी एक चावी आहे.

१ ऑगस्ट.
भूपेंद्र बायकोला घेऊन सासरी, प्रकाशा गावाला गेला. सिंधूने रोटासाठी गहू काढले, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. भूपेंद्रच्या नावानेही काढले. मी अडवलं नाही. देवीच्या कामात मध्ये बोलू नये.

२ ऑगस्ट.
बॅटरी पुन्हा चार्ज करून बसवली. फोटो आणि माळ सोडवून घरात पूजेला घेतली. माळ रात्रभर अडॅप्टर लावून घरच्या प्लगवर.

४ ऑगस्ट, सोमवार.
कानबाईचं विसर्जन झालं. काल भूपेंद्रचं ताट वाढून ठेवलं होतं, तसंच राहिलं. पण मोठी बातमी: गाडी दोन दिवस उभी, आज पहिल्या किकला सुरू. चोर गावात नाही आणि बॅटरी ठणठणीत. आणखी काय पुरावा पाहिजे. पहिल्यापासून बरोबर होतो. संध्याकाळी फोटो परत हँडलवर, माळ पुन्हा डायरेक्ट.

५ ऑगस्ट. सकाळ.
उतरली. भूपेंद्र प्रकाशालाच. रातोरात येऊन गेला असेल का, असा विचार केला. सिंधूने चहा ठेवला आणि एवढंच विचारलं, माळ रात्रभर कशावर चालते.

५ ऑगस्ट. दुपार.
माळेच्या वायरी काढल्या. बॅटरी चार्जिंगला टाकली.

६ ऑगस्ट.
पहिल्या किकला.

७ ऑगस्ट, गुरुवार.
प्रकाशाला गेलो. रोट घराबाहेर न्यायचा नसतो, पौर्णिमेच्या आत घरातच संपवायचा असतो, त्यामुळे रिकाम्या हाताने. भूपेंद्र ओट्यावर बसला होता. मी सांगितलं, माझीच चूक, माळेने बॅटरी खाल्ली, पौर्णिमेच्या आत घरी ये, रोट बाकी आहे. बापूंची चावी पुढे केली. त्याने हात पुढे केला नाही. उन्हात उभ्या गाडीकडे बघून म्हणाला, "गाडी चालू व्हयनी ना, भाऊ? मंग जाय घर."
वाटेत गाडी एकदाही बंद पडली नाही. घरी आल्यावर सिंधूने त्याच्या वाट्याचा रोट माझ्या ताटात वाढला. बाहेरच्याला देता येत नाही, टाकताही येत नाही. खाल्ला.