तीन पिल्ले, पाच नव्हेत

डॉक्टरसाहेब, आपल्या पुतण्याने आपल्याविषयी लिहिलेला लेख मी काल दुसऱ्यांदा वाचला. राहात्याच्या शाळेने काढलेल्या स्मरणिकेत तो छापून आला आहे. त्यात म्हटले आहे की, आपण गुरांच्या दवाखान्यात असताना एका धनगरणीची व्यालेली कुत्री आपल्या चुकीच्या सल्ल्यामुळे पाचही पिल्लांसह दगावली आणि आपल्या साऱ्या नोकरीतील ती एकमेव चूक होय. कुत्री दगावली नाही. पिल्ले पाच होती, मेली ती तीन. आणि सल्ला आपला नव्हता. लेखातील ऱ्हस्वदीर्घाविषयी मी काही म्हणत नाही; पूर्वी म्हटले असते. आता डोळे लवकर थकतात, आणि माझ्या दुरुस्त्या ऐकून माणसेही थकली आहेत.

त्या आठवड्यात आपण गुरांना बुळकांडीच्या साथीची लस टोचण्यासाठी सायकलवरून गावोगाव फिरत होता आणि दवाखाना माझ्या हवाली होता. मी तेवीस वर्षांचा कंपाउंडर. दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर आपण लिहिलेली सूचनासुद्धा मी खडूने सुधारीत असे, म्हणून आपण मला ‘पंडित’ म्हणत असा, आणि त्यातील थट्टा मला कळत असूनही ते नाव आवडत असे. दिवाळी उलटून गेली होती. कालव्याकाठी ऊस निघालेल्या रानांत धनगरांनी खतासाठी मेंढरे बसवली होती. त्यांपैकी एक म्हातारी सकाळीच आली. तिच्या डोक्यावर पाटी होती, पाटीत घोंगड्याच्या तुकड्यावर पाच पिल्ले होती, आणि मागे कुत्री मागचा एक पाय फाकवून चालत होती. म्हातारी एकटी होती. नवरा वारला होता, मुलगा लढाईवर गेला होता, आणि साठ मेंढरांना राखण एवढ्या एका जनावराची होती.

ती सांगू लागली की, चार दिवसांपासून कुत्रीचे मागचे थान दगडासारखे झाले आहे, अंगात ताप आहे, पिल्ले जवळ गेली की ती गुरगुरते. म्हणून पिल्ले वेगळी ठेवून, आई मेलेल्या कोकराला पाजतात तसे, कापसाच्या वातीने शेळीचे दूध ती त्यांना पाजते आहे. “ही उटली न्हाई तर लांडगं माजी मेंढरं ठिवत्याल व्हय?” एवढेच तिने विचारले.

मी कुत्रीला ओट्यावर आडवी करतो. उजवीकडचे शेवटचे थान ताणलेले आहे, कातडी जांभळी पडली आहे, हात ठेवला तर चटका बसावा इतकी ती तापली आहे. मी दाबून पाहतो. दुधाऐवजी पिवळा, दाट, रक्ताची तार असलेला स्राव येतो. तो काय आहे हे मला कळते. तरीही मला आठवतात त्या गाई. आपल्याकडे दगडी झालेल्या, म्हणजे कास सुजून कडक झालेल्या, गाई येत. आपण कास शेकायला लावीत असा, सड मोकळे करीत असा, आणि म्हणत असा की वासराला ढुशा मारू द्या, कंपाउंडरच्या दहा बोटांनी होत नाही ते त्याच्या तोंडाने होते. हे आपण सूज नुकती आलेली असताना आणि दूध स्वच्छ असतानाच सांगत असा. नियमाचा पहिला अर्धा भाग मी उचलला. दुसरा मला नको होता, कारण त्यासाठी आपली वाट पाहावी लागली असती.

मी हसून म्हणालो की, मावशी, गाईला वासरू लावतात ना, मग हिलाच पिल्ले का नकोत?

“वासराची जात येगळी,” ती म्हणाली. “हिलाच नको हाय. बगा की, कशी दात दावती.”

“दवाखान्यातले तुला अधिक कळते की मला?”

मी बँडेजच्या पट्टीने कुत्रीचे तोंड बांधले, म्हातारीला मागचे पाय धरायला लावले आणि पिल्ले एकेक करून त्याच थानाला लावली. कुत्री हलली नाही. नुसती धापत राहिली. दिवसातून तीन वेळा असेच करायचे आणि वातीचे दूध बंद करायचे, असे सांगून मी त्यांना वाटेला लावले. त्या दिवशी मी मोठ्या समाधानाने जेवलो.

आपण परतलात तेव्हा ती पायरीवर बसली होती. पाटीत तीन पिल्ले लिंबाच्या पाल्याखाली झाकली होती आणि दोन तिच्या पदरात होती. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. “तुमच्या मानसानं सांगितलं तसं केलं. पाय धरनारं हात माजंच हुतं,” ती म्हणाली. आपण सायकल भिंतीला टेकवली, माझ्याकडे पाहिले नाही, आणि पडवीत गुरे घेऊन बसलेल्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, “माझ्या माणसाने सांगितले म्हणजे मीच सांगितले, बाई. चूक माझी आहे.” आपल्या पुतण्यापर्यंत जी हकीकत पोहोचली, ती त्या पडवीतून निघाली.

मग आपण चाकू उकळून घेतलात आणि गळू फोडलेत. बशी मी धरली होती, ती भरली. लढाईमुळे सल्फाच्या गोळ्या मिळत नव्हत्या. आपल्या पेटीत ज्या थोड्या होत्या त्या आपण तिच्या पदरात घातल्यात. ती गेल्यावर हात धुताना आपण विचारलेत, “पंडित, तू दाबून पाहिलेस तेव्हा पू होता का?”

मी म्हणालो, “नव्हता.”

आपण टॉवेल घेतलात. “मग नंतर झाला. तुझा दोष नाही,” असे म्हणून आपण चहा सांगितलात.

पुढे आठवडाभर आपण जखम धुवायला कालव्यावर जात होता. मलाही नेत असा. म्हातारी मला कुत्रीजवळ येऊ देत नसे. “ह्ये शिकलेलं मानूस लांबच बसवा,” म्हणे, आणि आपण मला बांधावर बसवीत असा. कुत्री वाचली, थान मात्र वाळून गेले. तोवर लांडग्याने एक मेंढी नेली होती. त्या हंगामात एकही धनगर आपले जनावर घेऊन दवाखान्याची पायरी चढला नाही, आणि आपण त्यावर एक शब्दही बोलला नाहीत.

स्मरणिकेच्या संपादकांना मी आज दुरुस्तीचे पत्र टाकले. सल्ला कंपाउंडरचा होता, असे त्यात स्पष्ट लिहिले. कोणत्या कंपाउंडरचा, ते लिहिले नाही. दवाखान्यात कंपाउंडर एकच होता, हे सांगू शकेल असे आता कोणी उरलेले नाही; आपणही नाहीत. हे दुसरे पत्र टपालात जायचे नाही, म्हणून दिवस तेवढे येथे नीट लावून ठेवतो.

कुत्री दवाखान्यात आली तो सोमवार. लेखात रविवार आहे. रविवारी आपण ख्रिस्ती देवळात उपासनेला जात असा आणि दवाखाना बंद असे.

पहिले पिल्लू मंगळवारी संध्याकाळी मेले, दुसरी दोन बुधवारी. सगळी एका दिवशी नव्हेत.

आपण परत आलात तो गुरुवार. गळू त्याच दुपारी फोडले, दुसऱ्या दिवशी नव्हे.

कुत्री मेंढरांमागे पुन्हा चालू लागली ती नाताळच्या आधीच्या शनिवारी. लेखात हा दिवस नाहीच.

आपली बदली त्याच महिन्यात झाली, हे चूक आहे. ती दोन वर्षांनी झाली आणि तिचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. म्हणजे खरे सांगायला मला दोन वर्षे मिळाली होती.

आपण राहाता सोडले तो मंगळवार. दवाखान्यातील सर्व माणसे निरोप द्यायला मोटारीपाशी हजर होती, असे लेखात आहे. मी नव्हतो. ताप आला आहे, असा निरोप मी पाठवला होता. ताप नव्हता.