एकशे साठचा लढा

सोमवार, २ जून

डेपोतल्या तमाम चालक-वाहक बंधूंनो! ज्यांच्या जिवावर या शहराची चाकं फिरतात आणि ज्यांना साधं लघवीला जायचं तर वेळापत्रकाची परवानगी लागते, अशा माझ्या बांधवांनो!

सुरुवात झकास जमली. पण ही डायरी आहे, इथे बांधव नाहीत. सवयीचा परिणाम. हातात पेन आलं की समोर हजारभर माणसं बसलेली दिसतात.

मुद्दा असा. फेरी संपली की ड्रायव्हरला दहा मिनिटं मिळायची. नव्या वेळापत्रकाने ती गिळली. मी डेपोच्या स्टोअर्समध्ये कारकून, पण युनियनचा सेक्रेटरी. आवाजामुळे मला भोंगा म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण प्रेमाने म्हणतात.

संकल्प: दहा मिनिटं परत मिळवीन. आणि यापुढे पुराव्यानिशी बोलेन. मागच्या सभेनंतर मॅनेजरबाई म्हणाल्या होत्या की तुमच्या भाषणात विशेषणं डझनभर असतात, आकडा एकही नसतो. लागलं मनाला.

दुसरा संकल्प घरचा. बायकोला वर्षभर बीपीची गोळी चालू आहे, रोज अर्धी. तिच्या डॉक्टरबाईंनी सांगितलंय की घरी मोजत जा. वरचा आकडा शंभराच्या खाली गेला किंवा दीडशेच्या वर गेला, तर मला फोन करा. आज मशीन आणलं. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं. १२८/८२. उत्तम. ही जबाबदारी आता माझी.

मंगळवार, ३ जून

मशीनवरचं घड्याळ चुकीची वेळ दाखवतं. हिने सोबतचं माहितीपत्रक पुढे केलं. तीन कपाटं पुस्तकं वाचलेल्या माणसाने मशीनचं पत्रक वाचायचं? सगळी बटणं आलटूनपालटून दाबून धरली. दोनदा पीं-पीं वाजलं. घड्याळ काही लागलं नाही. कोपऱ्यातली बारीक अक्षरं मात्र बदललीशी वाटली. असेल कंपनीचं नाव.

बुधवार, ४ जून. सकाळी

हिचं बीपी १६८/१०८!

ही म्हणाली, मला तर छान वाटतंय. मी म्हटलं, तुझ्या वाटण्याला कोण विचारतो, आकडा बघ. हिने बघितला आणि म्हणाली, आकड्यांच्या मध्ये टिंब दिसतंय. मी रुमालाने पुसलं. गेलं नाही. काचेला आतून डाग आहे, हल्लीचा माल असाच. ही म्हणाली, अहो, चष्मा लावून बघा की एकदा.

मी चष्मा लावत नाही. वक्त्याची ताकद त्याच्या डोळ्यांत असते. श्रोत्यांना डोळे दिसायला हवेत, काचा नव्हेत. घरात श्रोते नसतात हे खरं, पण शिस्त ती शिस्त.

डॉक्टरबाईंना फोन करू का, असं ही विचारत होती. एवढ्यातेवढ्यासाठी डॉक्टर कशाला? मी निर्णय घेतला. उद्यापासून अर्धीच्या जागी अख्खी गोळी.

जाता जाता स्वतःचंही मोजलं. १८७/१२०. नवल वाटलं नाही. दुसऱ्यांची दुःखं वाहणाऱ्याचं असंच व्हायचं.

मग बूट घालताना डोक्यात वीज चमकली. वेळापत्रकाने ड्रायव्हरांचं काय झालं असेल?

गुरुवार, ५ जून

मशीन डेपोत नेलं. ड्रायव्हरांच्या खोलीत टेबल मांडलं, रांग लावली. पहिला पैलवान, म्हणजे हॉस्पिटलच्या मार्गावरची गाडी चालवणारा. नावाला शोभेल असा गडी. १६०/१०७. त्याच्या मागचा १७३/११२. त्याच्या मागचा १५६/१०४. अकरा जण झाले, एकही सुटला नाही!

आनंद झाला असं लिहिणं बरं दिसत नाही. पण झाला.

पैलवान पडेल चेहऱ्याने म्हणाला, भाऊ, मी तर तीन मजले पळत चढतो, दम लागत नाही. मी म्हटलं, हाच तर धोका. छुपा शत्रू असाच असतो. बिचारा जिना उतरताना कठड्याला धरून उतरला.

शनिवार, ७ जून

हिचं १३३/८७. अख्ख्या गोळीने काम केलं. लोक उगाच डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवतात.

ही म्हणते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मी समजावलं की चुकीच्या दाबाची शरीराला सवय झालेली असते, योग्य दाब जड जाणारच. ही म्हणाली, तुम्ही बोललात की मला पटतं आणि मग चक्कर येते. विनोदबुद्धी शाबूत आहे. म्हणजे काळजीचं कारण नाही.

सोमवार, ९ जून

विराट सभा! गेटसमोर, टायर विभागाच्या दारात. जुन्या टायरांच्या चळतीवर उभा राहिलो. मागे त्या विभागाचा रंगवलेला फलक होता, त्यावर हवेचे कसले कसले आकडे. मी तिकडे बोट केलं आणि गर्जलो की टायरातला दाब मोजायला इथे फलक आहे, माणसातला दाब कोण मोजणार? मी मोजला! एकशे साठ! एकशे त्र्याहत्तर! टाळ्या थांबेनात.

मॅनेजरबाई खाली आल्या होत्या. हात वर करून त्यांनी एकच विचारलं: एकशे साठ, पण कशात? मी म्हटलं, बाई, दाब म्हणजे दाब! तो ज्याच्या छातीवर बसतो त्याला विचारा, तो कशात मोजतात ते! असा हशा पिकला की काय सांगू. बाईंनी अकराही आकडे शांतपणे उतरवून घेतले आणि गेल्या.

बाईंचं तोंड बंद केलं. ऐतिहासिक दिवस.

मंगळवार, १० जून

मॅनेजरबाईंचा आदेश लागला. एवढं बीपी असलेल्या माणसाच्या हाती प्रवाशांनी भरलेली गाडी देणं नियमात बसत नाही. सबब, अकराही ड्रायव्हर डॉक्टरी तपासणी होईपर्यंत घरी. त्यांच्या फेऱ्या उरलेल्यांनी करायच्या. दहा मिनिटं राहिली बाजूला, उरलेल्यांचा चहासुद्धा गेला.

पैलवान गेटवर भेटला. म्हणाला, भाऊ, आमची बाजू घेतलीत की आमचा बाजार उठवलात? दुसरा मागून म्हणाला, पुढच्या वेळी मॅनेजरची बाजू घ्या, म्हणजे आमचं भलं होईल. मी म्हटलं, लढ्यात एक पाऊल मागे जावं लागतं. तो म्हणाला, मागे जायलाही गाडी लागते, ती काढून घेतलीत.

लोकांना इतिहासाची दृष्टी नाही.

बुधवार, ११ जून

एक तरी चांगली बातमी. हिचं १२०/८०! पुस्तकात छापतात तो आकडा! मी कौतुकाने म्हटलं, अख्ख्या डेपोत असा आकडा नाही. ही भिंतीला धरून उभी होती. म्हणाली, मग न्या मला डेपोत दाखवायला, पण उचलून न्या, कारण मला खोली फिरताना दिसतेय.

बायकांना चांगला आकडाही सोसवत नाही.

गुरुवार, १२ जून. संध्याकाळी

नीट लिहितो.

दुपारी मी बाहेरच्या खोलीत उद्याचं भाषण म्हणून पाहत होतो. स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज झाला. मी ओरडलो की जरा हळू, मी बोलतोय. मग आतून काहीच आवाज आला नाही. ते मला आवडलं. भाषण शेवटपर्यंत म्हटलं.

मग घसा कोरडा पडला म्हणून पाणी प्यायला आत गेलो.

ओट्याचा कोपरा भुवईला लागला होता. जमिनीवर बसली होती, पाठ कपाटाला टेकून. पदर कपाळावर दाबून धरलेला. मला बघून म्हणाली, झालं का भाषण?

शेजारीण आली म्हणून दवाखान्यात नेता आलं. मला रिक्षाही थांबवता येईना. हाक मारली ती घशाबाहेर पडली नाही.

डॉक्टरबाईंनी मोजलं: ८८/५८. गोळी किती घेता, विचारलं. हिने सांगितलं. कोणी वाढवली, विचारलं. हिने माझ्याकडे बघितलं नाही, छताकडे बघितलं. मी म्हटलं, रोज मोजत होतो, कालच १२०/८० होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, मशीन दाखवा. शेजारणीने निघताना ते पिशवीत टाकलं होतं.

त्यांनी एकदा बघितलं. एकदाच. म्हणाल्या, हे किलोपास्कलमध्ये लावलंय. आपण बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतो. हे एकशेवीस नाही, बारा पॉइंट शून्य आहे. याला साडेसातने गुणायचं. बारा साडेसाते नव्वद. खालचे आठ, त्याचे साठ. नव्वद-साठला तुम्ही दुप्पट गोळी चालू ठेवलीत. नुसता आकडा काय कामाचा हो? कशात मोजला ते नको बघायला? तुमच्या मिसेसचे बारा वाजायचेच राहिले होते.

मी म्हटलं, मशीनच तसं आलं. कंपनीची चूक.

हिच्या भुवईला टाके घालत होते. ती टाके घालतानाही हलली नाही. कंपनीची चूक, हे ऐकून मात्र मान वळवून माझ्याकडे बघितलं.

शुक्रवार, १३ जून

सकाळपासून साडेसातने गुणतोय. गणित चुकेल अशी आशा होती.

पैलवान, सोळा पॉइंट शून्य: एकशेवीस. खालचे दहा पॉइंट सात: ऐंशी. मागचा एकशे तीस-चौऱ्याऐंशी. त्याच्या मागचा एकशे सतरा-अठ्ठ्याहत्तर. आणि हिचं त्या पहिल्या बुधवारचं, १६८/१०८: एकशे सव्वीस-एक्क्याऐंशी. बरी होती. छान वाटतंय म्हणाली होती.

दुपारी डेपोच्या डॉक्टरांनी अकराही जणांना तपासलं. सगळे ठणठणीत. मजा म्हणून पैलवानाने मलाही खुर्चीत बसवलं. १५०/९६. सगळ्या डेपोत एकट्या भोंग्याचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर मोठ्याने बोलायचं नाही. मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सभेतल्यापेक्षा जोरात.

मॅनेजरबाईंना मी सांगितलं की मशीन सदोष होतं. त्या म्हणाल्या, असेल. पण तुमची मागणी त्या मशीनवरच उभी होती ना? मग ती पण सदोष. फाईल बंद.

हे चूक आहे. त्यांना दहा मिनिटं हवीतच. मशीनच्या आधीही हवी होती. तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं की बाई, चूक माझी आहे, मागणीची नाही. किती साधं वाक्य. मी ते जिन्यात म्हटलं, एकटा असताना.

परत येताना टायर विभागावरून आलो. फलक जवळून वाचला. १०० पीएसआय म्हणजे ७ किलो. दाब एकच, आकडे दोन, आणि प्रत्येकापुढे तो कशात ते लिहिलेलं. त्या फलकाकडे पाठ करून मी भाषण केलं होतं.

शनिवार, १४ जून

संकल्प: उद्या हिला सगळं सांगायचं. मुद्दे काढले. प्रस्तावना, पार्श्वभूमी, कबुली, समारोप.

हिला आता बरं आहे. गोळी डॉक्टरबाईंनी सध्या बंदच केलीय. भुवईजवळचं सुजून निळं पडलंय. दुसऱ्या एका शेजारणीने विचारलं, कसं झालं हो? ही म्हणाली, मशीन बिघडलं होतं.

माझं वाक्य. माझ्यासाठी वापरलं.

रविवार, १५ जून

ही कपड्यांच्या घड्या करत होती. मी समोर उभा राहिलो. मोजमापाच्या इतिहासापासून सुरुवात केली. व्यापारी कसे वेगवेगळी मापं वापरून गरिबाला नाडत, तिथून कंपन्या आणि त्यांच्या बारीक अक्षरांवर आलो. आवाज हळूहळू चढला. ही म्हणाली, अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय? आणि मुद्द्यावर या, माझ्या घड्या संपत आल्या.

मी म्हटलं, थोडक्यात, मशीन परत करावं म्हणतो.

ती म्हणाली, बरं. घड्या उचलून आत गेली.

थोड्या वेळाने बघितलं तर मशीनवर माझा चष्मा ठेवलेला.

सोमवार, १६ जून. सकाळी

चष्मा लावला. पट्टा बांधला. बटण दाबलं.

टिंब आहे. डाग नाही. आणि बारीकही नाही, चांगलं ठसठशीत आहे. कोपऱ्यात के, पी, ए, म्हणजे तेच किलोपास्कल. ते कंपनीचं नाव नाही. कंपनीचं नाव वर मोठ्या अक्षरांत आहे.

हिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी रुमालाने पुसलं.

श्रोतेहो! म्हणजे मीच, दुसरं कोणी नाही. आजवर ज्याचं ऐकून ऐकून आपण फसलो, तो वक्ताही मीच. आता एवढंच कर. पेन खाली ठेव. ऊठ. चष्मा काढू नकोस. प्रस्तावना नको, कंपनी नको, इतिहास नको. ती आत चहा गाळतेय. तिच्यासमोर जमलं तर डेपोचं गेट लांब नाही. जा आणि हळू आवाजात सांग: टिंब होतं. तू सांगितलं होतंस.