सीडीला ओरखडा नव्हता

बाबा, तुमच्या त्या सीडीला ओरखडा नव्हता. तुम्ही आणलीत तेव्हा ती लख्ख होती. ओरखडे नंतर पडले, तुमच्याच हातानं पडले, आणि ते पाडायला लावणारा मी.

गोंदियात तेव्हा माझं दुकान म्हणजे एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि भिंतीला टेकलेलं गिऱ्हाइकांचं बाक. बाजार सगळा हिंदी बोलणारा, मीही दिवसभर हिंदीच झाडायचो. लोक लग्नाच्या, बारशाच्या सीडी घेऊन यायचे आणि तक्रार बहुतेकांची एकच, "भैया, आवाज आ रही है, पिक्चर नहीं आ रही." मी सीडी हातात न घेताच सांगायचो, सीडी चांगली आहे, कोडेक नाही. कोडेक म्हणजे काय, हा पुढचा प्रश्नही ठरलेला. मग मी समजावायचो की शूटिंगवाला पिक्चर दाबून दाबून सीडीत भरतो, ट्रंकेत लुगडं घड्या घालून भरावं तसं. घडी कशी घातली ते मशीनला ठाऊक नसेल तर ते उलगडणार कसं? आवाजाची घडी त्याला येते, चित्राची येत नाही, म्हणून नुसता आवाज येतो. एवढं प्रवचन झालं की मी मशीनमध्ये कोडेक भरून द्यायचो, नाहीतर नारिंगी शंकूच्या चिन्हाचा दुसरा प्लेयर, त्याला बहुतेक सगळ्या घड्या येत. चहा निवायच्या आत नवरानवरी पडद्यावर हजर. लोकांना मी डॉक्टर वाटायचो. मलाही वाटायचो, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आटोपल्यावर एका सकाळी तुम्ही नवेगावबांधहून एसटीनं आलात. अंगाला तलावाचा, मासोळीचा वास, आणि दुपट्ट्यात गुंडाळलेली सीडी. बाकावर कॉलेजची तीन-चार पोरं बसली होती. तुम्ही त्यांच्यासमोरच म्हणालात, "मंडईत आमची दंडार झाली नं, शूटिंगवाल्यानं सीडी देल्ली. लाव बरं." सीडीत काय असणार ते मला लावायच्या आधीच माहीत होतं. दंडारीच्या नाच-गाण्याच्या खेळात बाईचं काम पुरुषच करतो, आणि आमच्या भागात ते काम म्हटलं की तुमचंच नाव. लोक तुम्हाला डोक्यावर घ्यायचे. शाळेतली पोरं मात्र माझ्यामागून कंबर हलवत चालायची. गाव सोडून गोंदियात दुकान टाकलं त्यात धंद्याचा विचार किती होता आणि त्या पोरांचा किती, हे मी अजून नीट सांगू शकत नाही.

सवयीनं मी आधी फाइल मशीनमध्ये उतरवून घेतली आणि मग लावली. ढोलकी वाजली, टाळ वाजले, तुमचा तो बारीक काढलेला बाईचा आवाज आला. चित्र नाही. त्या शूटिंगवाल्याची घडी माझ्या मशीनला येत नव्हती, चित्राच्या जागी प्लेयरनं स्वतःच्या मनानं रंगीत लाटा काढल्या, आवाजावर वरखाली होणाऱ्या. तुम्ही खाली वाकून पाहत होतात. "चित्र काऊन नाई येऊन रायलं?" बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "भैया, कोडेक नहीं होगा." माझं वाक्य मलाच ऐकवत होतं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झालं. मग मी तुम्हाला म्हणालो, "सीडीलेच ओरखडा आहे, बाबा. नाई होत." कितीतरी महिन्यांनी मी घरच्या बोलीत बोललो, आणि बोललो ते खोटं.

तुम्ही सीडीवर शंका घेतली नाहीत, माझ्यावर तर नाहीच. "मीनच कुठी घासली असन," एवढं म्हणालात. पण उठला नाहीत. त्या लाटा पाहत दंडार शेवटपर्यंत ऐकलीत, आणि मी गिऱ्हाइकाकडे वळताना दर वेळी आवाज थोडा थोडा कमी करत राहिलो. निघताना म्हणालात, "मायं चालनं कसं दिसते तेवढं पायचं होतं, बाकी काई नाई." मला वाटलं, या वयात काय ही हौस! म्हणालोही, "आता कायले पायता?" तुम्ही हसलात आणि दुपट्टा झटकून बाहेर पडलात.

काही दिवसांनी तुम्ही पुन्हा आलात. चेहरा असा, जणू परीक्षेचा निकालच घेऊन आला आहात. "आता पाय, चकाचक केली." आई पाण्याचे पितळी गुंड घासायची तशी तुम्ही ती सीडी राखेनं घासली होती. उजेडात धरली तर गोल गोल चरेच चरे. मशीन नुसतं घरघरलं आणि सीडी बाहेर फेकून मोकळं झालं. तुम्ही म्हणालात, "आता तं आवाजबी गेला." बाबा, त्या दिवशी बाक रिकामं होतं. दुकानात आपण दोघंच होतो. फाइल माझ्याच मशीनमध्ये पडून होती, दोन बटणं दाबली असती तर आवाज आणि चित्र दोन्ही आलं असतं. पण मग पहिल्या दिवशी काय झालं होतं ते सांगावं लागलं असतं. मी चहा मागवला, तुम्हाला पाजला आणि एसटीत बसवून दिलं. त्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि पुढच्या मंडईला तुम्ही नव्हतात.

गेल्या महिन्यात ते जुनं मशीन भंगारात द्यायला काढलं आणि आत काय काय आहे ते पाहिलं, तर फाइल तिथंच. आताच्या प्लेयरमध्ये कोडेक वगैरे वेगळं काही टाकावं लागत नाही, बोट लावलं की चालू. पडद्यावर तुम्ही आलात. अंगावर आईचं हिरवं लुगडं, लाल काठाचं. ती गेल्यावर ट्रंकेत घालून ठेवलेलं, ते मी लगेच ओळखलं. पण लुगडं काय, कुणीही नेसेल. तुम्ही चालायला लागलात आणि मी खुर्चीतून उठलो. आई मासोळीची टोपली डोक्यावर घेऊन कोहमाऱ्याला बाजारात विकायला जायची, डाव्या टाचेच्या भेगेमुळे ती टाच कधी पूर्ण टेकायची नाही, आणि टोपली हलत नसली तरी चार पावलांनी तिचा हात वर जायचा. तुमच्या डोक्यावर काहीच नव्हतं. चार पावलं झाली आणि तुमचा हात वर गेला. डावी टाच अधांतरी. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते, आणि भर मांडवातून माझी आई कोहमाऱ्याला निघाली होती.

आईचा फोटो आपल्याकडे एकच, मतदानाच्या कार्डावरचा. चालणारी आई कुठेच नाही. तुम्हाला तुमचं चालणं पाहायचं नव्हतं, तिचं पाहायचं होतं, साधलं की नाही ते. त्या मांडवातल्या सगळ्यांना ती दिसली, एक तुम्ही सोडून, कारण तुम्ही ती झाला होतात. तुम्हाला ती दाखवणं फक्त माझ्या हातात होतं. मी ओरखडा दाखवला.

हे मी दुकानातच लिहितो आहे. कुणी आत आलं की कागद पालथा घालतो. फाइल आता जवळजवळ रोज लावतो, आवाज बंद करून. तुमचा आवाज आला की ते तुम्ही असता, आवाज बंद केला की आई चालते, असं मी स्वतःला सांगतो. ते खोटंही नाही. पण बाबा, आवाज बंद करतो तेव्हा बाकावर ऐकणारं गिऱ्हाईक बसलेलं असतं.